बेरिलचं गोठवलेलं कार्ड

बेरिल थ्वेटच्या फ्रीझरमध्ये मटाराचं गरगट, रुबार्बच्या फोडी, कोकराचा रस्सा आणि एक क्रेडिट कार्ड, एवढा ऐवज कायम असायचा. गरगट संपायचं, पुन्हा व्हायचं. कार्ड मात्र आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, पाण्यात बुडवून गोठवलेलं, वर्षानुवर्षं निवांत पडलेलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मोरकम गावातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माझं शिवणाचं दुकान तिच्या पार्लरला चिकटून. मधली भिंत इतकी पातळ की ती कुणाच्या केसांबद्दल काय बोलली हे गिऱ्हाइकाच्या आधी मला कळायचं.

कार्ड बर्फात का गेलं, ते आधी सांगते.

बेरिल तिशीत होती तेव्हाची गोष्ट. पार्लर नवं, हातात कात्री, जिभेवर साखर. दर महिन्याला कुठली ना कुठली कंपनी पत्र धाडायची की बाईसाहेब, आम्ही तुम्हाला खास निवडलंय. बेरिलला जन्मात कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. शाळेच्या नेटबॉलच्या संघातही ती कायम राखीव. निवडलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? तिनं चार कार्डं घेतली. मर्यादा वाढवल्याचं पत्र आलं की आपला जाहीर सत्कार झाल्यासारखी ती फुलायची आणि सत्काराला शोभेल अशी खरेदी त्याच शनिवारी करून यायची. पाय शेकायचं यंत्र आलं. बसल्या जागी वल्ही मारायचं यंत्र आलं, समुद्र दारात असताना. बोलणारा कापडी पोपट आला, तो फक्त स्पॅनिश बोलायचा.

बिलाच्या खालच्या अंगाला 'किमान रक्कम' म्हणून एक आकडा असतो. फार गोडबोल्या आकडा. एवढंच दे गं राणी, बाकीचं बघू सावकाश, असं म्हणतो आणि मागल्या दारानं व्याजाला आत घेतो. बेरिल तेवढंच भरत राहिली. पुढं पहिल्या कार्डाचं दुसऱ्यानं भरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, असा झिम्मा सुरू झाला. शेवटी वसुलीवाला पार्लरात आला. बेरिलनं त्याला खुर्चीत बसवून फुकट केस कापून दिले. तो आरशात बघून खूश झाला आणि जाताना दोन्ही ड्रायर कितीला जातील ते विचारून गेला.

नॉर्मन, तिचा नवरा, बस चालवायचा. अबोल गडी. तो ओरडला नाही, भांडला नाही; घरातला पैसा तेवढा त्यानं आपल्या हातात घेतला. दोघांनी राबून सगळं फेडलं, पोपट विकला, यंत्रं विकली. कर्ज गेलं, पण हिशेब काही बेरिलकडं परत आला नाही. बिस्किटं कुठली आणायची हे बेरिल ठरवणार, किती आणायची हे नॉर्मन. पैशाचा विषय निघाला की तो मान हलवून म्हणायचा, "ते राहू दे, तू नको त्यात पडू." आणि ही बोलकी बाई गप्प व्हायची. तिला खुपायचं ते तेवढंच.

तरी तिनं एक कार्ड ठेवलं. मी एकदा विचारलं, "इतकं पोळल्यावर कशाला गं ठेवलंस?"

"बोट कापलं म्हणून मी कात्री टाकली का? बोट कुठं ठेवायचं ते शिकले," ती म्हणाली.

आणि खरंच शिकली. गिऱ्हाईक नसलं की ड्रायरखाली बसून कार्डाबरोबर येणारी ती बारीक अक्षरातली पत्रकं वाचायची, दुसऱ्या बायका जशा राजघराण्याच्या भानगडी वाचतात तशी. कार्डावर घ्यायचं ते बिल येईल तेव्हा पुरतं फेडता येईल एवढंच. फेडायची तारीख बँकेलाच सांगून ठेवायची, म्हणजे आपल्या विसरण्यावर अवलंबून राहायला नको. कार्डानं रोख रक्कम काढायची नाही, कारण त्याचं व्याज त्याच दिवशी चालू होतं. आणि हौस आली की डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवायचा. बर्फ वितळेपर्यंत हौस टिकली तर घ्यायचं. बहुतेक वेळा दुपारपर्यंत हौसच आधी वितळायची आणि डबा पुन्हा आत जायचा. मुदत संपून नवं कार्ड आलं की तेही त्याच डब्यात गोठायचं.

आता त्या शुक्रवाराकडं येते.

बेरिलची लेक जोसलिन आणि तिचा होणारा नवरा कीरन यांना लग्नासाठी जून महिन्यातला शनिवार हवा होता, आणि मोरकममध्ये जूनमधले शनिवार लोक पाळण्यात असल्यापासून धरून ठेवतात. त्या दुपारी जोसलिन पार्लरात धावत आली. समुद्रासमोरच्या पिवळ्या हॉटेलात एका जोडप्याचं मोडलं होतं. नवरीनं अंगठी खाडीत भिरकावली होती.

"आई, शनिवार मोकळा झालाय. पाचपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवतो म्हणाले ते. त्यांच्याकडं आणखी दोघी रांगेत आहेत."

तिच्या मागोमाग नॉर्मन आला. कोटाच्या आतल्या खिशात पाकीट, पाकिटाला रबर. "मी बोललोय त्या हॉटेलच्या मॅनेजरशी, फेअरक्लफशी. रोख दिले तर शेकडा दहा कमी घेतोय. जाऊन देऊन येतो आणि मोकळा होतो."

बेरिलच्या हातात विनिफ्रेड म्हातारीचं डोकं होतं, अर्ध्या केसांत रोलर. ती थांबली. "रोख कशाला पाहिजेत त्याला?"

"लोकांना आवडतात पैसे, बेरिल."

"एवढं मोठं हॉटेल, आणि पाकिटाची वाट बघतंय? मला नाही पटत. कार्डानं भरू."

हे मला भिंतीपलीकडं ऐकू आलं. मी सुई खोचली आणि पार्लरच्या दारात येऊन उभी राहिले.

"कार्डानं," नॉर्मन म्हणाला. दुसरा माणूस 'विषानं' म्हणेल तसं.

"फक्त बयाणा कार्डानं. बाकीचे तू तुझ्या पाकिटातनं दे. शंभर पौंडाच्या वरची वस्तू असली आणि त्यातला थोडा जरी भाग कार्डानं दिला, तर उद्या हॉटेल बुडालं तरी सगळ्या रकमेला कार्डवाली कंपनी बांधलेली असते. कायदाच आहे तसा. पावती तेवढी माझ्या नावावर पाहिजे."

"हॉटेल कशाला बुडतंय? शंभर वर्षं उभं आहे."

"त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर गवत आलंय, नॉर्मन. मी रोज बघते."

"ते राहू दे, तू नको त्यात..."

"पडते," बेरिल म्हणाली. "आज पडते. माझ्या लेकीचं लग्न आहे."

नॉर्मननं लेकीकडं बघितलं. जोसलिननं घड्याळाकडं बघितलं. विनिफ्रेड रोलरखालून म्हणाली, "नॉर्मनदादा, तो डबा आण बाबा. माझे केस सुकून काटे व्हायला लागलेत."

घर वरच्या मजल्यावरच. नॉर्मन गेला आणि डबा घेऊन आला. अर्धा दिवस थांबायला कुणाला वेळ होता? बेरिलनं डबा दुसऱ्या खुर्चीत उशीवर बसवला, त्याच्यावर ड्रायरचं टोपलं ओढलं आणि बटण पुरतं फिरवलं. एखादी छोटीशी, चौकोनी बाई केस सेट करायला आल्यासारखी दिसत होती. आम्ही सगळ्या भोवती उभ्या राहिलो. हळूहळू वास सुटला.

"कार्डाला कसला वास येतोय हा?" जोसलिन म्हणाली.

विनिफ्रेडनं नाक वर केलं. "मटार."

टोपलं उचललं तर आत हिरवंगार गरगट बुडबुडे सोडत होतं. या मुलखात कुठल्याच बाईच्या फ्रीझरमधल्या डब्यांवर नाव नसतं. सगळ्या आइस्क्रीमच्या डब्यांत आइस्क्रीम सोडून बाकी सगळं असतं, आणि कशात काय हे फक्त घरधनिणीला ठाऊक. नॉर्मनला जिना पुन्हा चढावा लागला. येताना तो दोन्ही काखांत दोन आणि हातांत एक डबा घेऊन आला, हरल्या सैन्याच्या सेनापतीसारखा. बेरिलनं नुसतं हातात तोलून सांगितलं. "हे रुबार्ब. हा रस्सा. हे कार्ड."

आता खेळ रंगला. एक ड्रायर पुरेना म्हणून विनिफ्रेड आपल्या खुर्चीतून उठली, तशीच रोलरांसकट, आणि म्हणाली, "हा माझा ड्रायरही ओढ गं त्याच्यावर. मी काय, लग्नाला टोपी घालून येईन." मी शेजारून वाफेची इस्त्री आणली. जोसलिन हातातला ड्रायर घेऊन एका बाजूनं भिडली, मी दुसऱ्या बाजूनं. पाणी लादीवर वाहायला लागलं आणि नॉर्मन, ज्याला या कार्डाचं तोंड बघायचं नव्हतं, तो गुडघ्यांवर बसून टॉवेलनं पाणी टिपत होता. पोस्टमन दारात आला, आतला देखावा बघून पत्रं पायरीवर ठेवून गेला. आम्ही इतक्या हसत होतो की जोसलिनचा ड्रायर दोनदा माझ्या कानात गेला.

बर्फ फुटला. कार्ड बाहेर आलं, थंडगार, चकचकीत, एका दिवसानंही म्हातारं न झालेलं. बेरिलनं ते ॲप्रनला पुसलं. 

फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. फेअरक्लफचा गळा तुपातला. "मिसेस थ्वेट, मनःपूर्वक अभिनंदन. बयाणा कार्डावर का, ठीक आहे, चालेल." खरं तर त्याला चालत नव्हतं, ते त्या 'ठीक'मध्येच कळलं. "आणि कार्ड हातात आहेच, तर खुर्च्यांना साटीनच्या फिती लावून देऊ का?"

"फिती?" बेरिल म्हणाली.

"मागं मोठा बो. नवरीच्या रंगाचा. आणि चॉकलेटचं कारंजं. तीन मजली."

बेरिलचे डोळे किंचित मोठे झाले. मी ती नजर ओळखली. कापडी पोपट घरात आला त्या दिवशी हीच नजर होती. जोसलिननं ओठ चावला. नॉर्मन टॉवेल हातात घेऊन खालून बघत होता. त्याचं ते 'राहू दे' ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं, हे त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

"आणि शेवटी," फेअरक्लफ हळुवारपणे म्हणाला, "नवरानवरी पायऱ्या उतरताना आम्ही कबुतरं सोडतो. पांढरी. बारा."

"बारा," बेरिल म्हणाली. तिनं खिडकीबाहेर बघितलं. विनिफ्रेडनं माझं मनगट धरलं.

"मिस्टर फेअरक्लफ," ती म्हणाली, "आमच्याकडं सीगल फुकट येतात. शंभर येतात. हातात सँडविच धरलं की झालं. तुम्ही बयाणा घ्या आणि पावती माझ्या नावावर करा."

तिनं आकडे वाचून दाखवले, एकेक, स्वच्छ. फोन ठेवला आणि मग खुर्चीत बसली आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नॉर्मननं हातातला टॉवेल पुढं केला. तो पिळण्याइतका ओला होता.

बिल आलं त्याच तारखेला बयाण्याचे सगळे पैसे भरून झाले. उरलेले नॉर्मननं वसंतात पाकिटातून मोजून दिले, कुरकुरत, आणि बेरिलनं पाठवल्यामुळं पावती तिच्याच नावावर घेऊन आला.

मे महिन्यात पिवळं हॉटेल बंद झालं. दाराला साखळी, काचेला चिकटवलेला कागद, फेअरक्लफचा फोन लागेना. पुढच्या फुटपाथवर तीन नवऱ्या आणि त्यांच्या आया रडत उभ्या होत्या. शेकडा दहाच्या मोहानं तिघींनीही सगळं रोख दिलेलं. नॉर्मन तिथून चालत पार्लरात आला. त्याचा चेहरा पिठासारखा. तो ड्रायरखालच्या खुर्चीत बसला.

"बेरिल, गेलं सगळं."

"काय गेलं?"

"हॉटेल. पैसे. आपल्या जोसलिनचं लग्न."

"हॉटेल गेलं," बेरिल म्हणाली. "पावती दे इकडं."

तिनं कंपनीला फोन केला, अर्ज भरला, पावत्या जोडल्या. तिकडच्या पोरानं काहीतरी टोलवाटोलवी केली तेव्हा तिनं त्याला कायद्याचं कलम पाठ म्हणून दाखवलं, आणि विनिफ्रेडनं मागून टाळी वाजवली. दोन-तीन आठवडे गेले. मग सगळे पैसे परत आले. बयाणाही, आणि नॉर्मनच्या पाकिटातलेही, जे कार्डाला कधी शिवलेसुद्धा नव्हते. ते त्याला किती वेळा समजावून सांगावं लागलं ते मी सांगत नाही. तो ऐकायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "म्हणजे माझे रोख पैसे कार्डानं दिले?"

लग्न त्याच शनिवारी झालं, हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्यांच्या बोल्स क्लबच्या लाकडी हॉलमध्ये. पडदे मी शिवले. बटाट्याच्या थरांखालचं मटण, लोण्यातली कोळंबी आणि रुबार्ब भरलेली पेस्ट्री. नाचायला जागा थोडी, म्हणून लोक पाळीपाळीनं नाचत होते आणि थांबलेले खुर्च्यांवर उभे राहून टाळ्यांनी ठेका धरत होते.

नवरीच्या बापानं भाषण करायचं असतं. नॉर्मन उभा राहिला. हातात कागद नव्हता. लोकांनी काटे-चमचे खाली ठेवले, कारण तीस वर्षं बस चालवली तरी हा माणूस प्रवाशांना 'उतरा' याच्यापुढं काही बोलला नव्हता.

"मला रोख द्यायचे होते," तो म्हणाला.

अख्ख्या हॉलमधून 'ओऽऽ' असा आवाज उठला. कीरनच्या काकानं टेबलावर डोकं आपटल्याचा अभिनय केला.

"शेकडा दहा कमी होत होते," नॉर्मन म्हणाला. पुन्हा 'ओऽऽ', आता जास्त मोठा. त्याला मजा यायला लागली. "ती नको म्हणाली. मी म्हटलं, तू त्यात पडू नको. ती पडली. म्हणून तुम्ही आज जेवताय." तो थांबला. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं रबर लावलेलं पाकीट काढलं, वाकला आणि टेबलावर बेरिलच्या ताटाशेजारी ठेवलं. "आजपासून मी बिस्किटं कुठली ते ठरवतो."

बेरिलनं पाकीट उचललं, रबर काढून मनगटात बांगडीसारखं घातलं आणि त्याला हाताला धरून ओढत नाचायला घेऊन गेली, पाळी नसताना.