पेशीची दारं

“गाठ कॅन्सरची आहे, पण वेळेत आलात,” बायोप्सीचा रिपोर्ट वाचून नागपूरचे डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. स्तनातली ती गाठ दुखत नव्हती. तरीही दाखवायला गेले, एवढं शहाणपण सुचलं. तुमच्या हाताला अशी गाठ लागली, तर दुखायची वाट बघू नका.

मी रिपोर्टाकडे बघत होते आणि हे माझ्याकडे. बाहेर आल्यावर म्हणाले, “तुले काही होऊ देत नाही मी.”

ह्यांची नोकरी यवतमाळला, तहसील कार्यालयात. कापसाच्या त्या वाईट वर्षांत शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या चौकशीसाठी ज्या घरी जावं लागे, तिथला माणूस आधीच गेलेला असे. आपण नेहमी उशिरा पोचतो, हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. आता स्वतःच्या घरात त्यांना उशीर करायचा नव्हता.

ऑपरेशन झालं आणि केमोथेरपी सुरू झाली. ती शिरेतून देतात, कॅन्सरच्या पेशी मारण्यासाठी. प्रत्येक डोसानंतर नागपूरहून एसटीने परतताना मी पिशवी तोंडाशी धरून बसे. घरी आल्यावर जुलाब. डॉक्टरांनी खाणंपिणं सोडू नका म्हणून बजावलं होतं.

अशातच ह्यांनी रविवारच्या पुरवणीत एक लेख वाचला. कॅन्सरच्या पेशी वाढायला पोटॅशियमची वाट वापरतात, असं त्यात होतं. ज्यात पोटॅशियम जास्त, ते सगळं दुसऱ्या दिवसापासून बंद. घरातून केळी गेली, नारळपाणी गेलं, वरण पातळ झालं. ऐन हंगामात संत्रं दिसेना. मला विरोध करायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांची धडपड मोडवतही नव्हती.

मग पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पायरी चढायला पाय उचलेना. एका दुपारी छातीत धडधड सुरू झाली, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटे. ह्यांनी ऑटोत घालून यवतमाळच्याच दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. रक्त तपासलं. पोटॅशियम फार खाली गेलं होतं. सलाईनमधून ते हळूहळू चढवत मला ठोके दाखवणाऱ्या मशीनला जोडून ठेवलं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी खाण्याचं विचारलं. ह्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं, लेखासकट.

“काका, लेख खोटा नाही,” त्या म्हणाल्या. “पेशीच्या पडद्याला बारीक दारं असतात, पोटॅशियम आयन चॅनल. पेशीनं कधी वाढायचं, कधी एकीच्या दोन व्हायचं, यात त्या दारांचा हात असतो. काही कॅन्सरमध्ये ती जास्त असतात. ती बंद करणारी औषधं शोधताहेत. पण हृदयसुद्धा अशाच दारांवर चालतं, म्हणून काम अवघड आहे. केळं बंद केल्यानं गाठीची दारं बंद होत नाहीत. रक्तातलं पोटॅशियम घटलं की आधी हृदय अडखळतं.”

“म्हणजे मीच हिले...” हे म्हणाले.

“बरंचसं उलट्याजुलाबांनी गेलं होतं. त्यात खाणं तुटलं. भरून निघेल. पुढं मात्र आधी विचारा.”

ते भरून निघालं. पुढचे डोसही पार पडले. तुम्हालाही हेच सांगते, खाण्यातलं काही वाढवायचं-तोडायचं ते डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला तर पोटॅशियम जपूनच घ्यावं लागतं.

त्या खाटेवर पडल्या पडल्या एक विचार आला, तो अजून गेलेला नाही. गाठ बाहेरून आलेली नव्हती. माझ्याच पेशी होत्या, माझ्या हृदयासारखीच दारं वापरणाऱ्या, फक्त थांबणं विसरलेल्या. तेव्हापासून मी आजाराला शत्रू म्हणत नाही. उपचार घेतले, तपासण्या चालू आहेत. बाकी दिवस आपल्या परीने येतात.

परवा तपासणीला निघालो होतो. यवतमाळच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. बाकावर शेजारी बसून ह्यांनी माझं मनगट हातात घेतलं.

“ठोके मोजता का?” मी विचारलं.

“नाही,” हे म्हणाले. “नुसतं धरून राह्यलो.”