शकुंतलाबाई आणि फुलवंताची फुगडी

चिचगडकडच्या एका आश्रमशाळेत शकुंतलाबाई पटले मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. माहेर गोरेगावचं, बांधा दांडगा, आवाज त्याहून दांडगा. पहाटे त्यांनी "उठा गं!" म्हटलं की मुलींबरोबर पलीकडच्या वस्तीवरची कोंबडीही जागी व्हायची. पण कुणाला ताप आला की कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत याच बाई उशाशी बसून राहायच्या.

२००९च्या पावसाळ्यात शाळेत तपासणी आली. साहेब जेवायला बसले आणि वरण अळणी निघालं. बाई सगळ्यांसमोर स्वयंपाकीणबाईवर, मुलींच्या फुलवंतामावशीवर, कडाडल्या, "डोकं घरी ठेवून आली काय?"

त्या दिवसापासून फुलवंता बाईंशी बोलेना. बाईही नमेनात. मग निरोप मुलींच्या तोंडून जाऊ लागले. "जा, तुह्या बाईले सांग, तांदूळ सरून राहिले." "जा, तुझ्या मावशीला सांग, मला डोळे आहेत." सातवीतली दुर्गा चुणचुणीत, म्हणून बहुतेक निरोप तिच्या वाट्याला यायचे, आणि शिव्याही दोन्हीकडच्या. हळूहळू वसतिगृहात बाईंच्या आणि मावशीच्या अशा दोन टोळ्या झाल्या. नळावर झिंज्या उपटल्या जाऊ लागल्या.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी भांडणं आणि मारझोड थांबावी म्हणून शिबिर ठेवलं. शिबिर घ्यायला देवरीहून रविताताई आल्या. त्यांनी मुली, शिक्षक, स्वयंपाकघरातल्या बाया, सगळ्यांना एकाच सतरंजीवर गोल बसवलं आणि विचारलं, "राग आला की तो तुम्ही कुठं टाकता?"

मुली एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग दुर्गा उठली.

"बाईचा राग मावशीवर जाते. मावशीचा माह्यावर येते. मी कोनावर टाकू? मंग मी बाजूवालीले मारतो."

मुली खो खो हसल्या आणि मग चोरून बाईंकडे बघू लागल्या. शकुंतलाबाईंचे कान तापले. फुलवंता पदराचं टोक पिळत राहिली.

रविताताई कुणालाच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता फुगडी खेळू. जिच्याशी बोलणं बंद आहे, तिचेच हात धरायचे."

मुलींनी दोघींना ढकलतच मधे आणलं. बाईंनी हात पुढे केले. फुलवंतानं ते नाइलाजानं धरले. पहिला फेरा बैलबंडीच्या चाकासारखा कुरकुरत गेला. मुलींनी टाळ्यांचा ठेका धरला तसा वेग वाढला, अंबाडे सुटले, पदर उडू लागले.

"फुलवंता, सोडू नको वं! पडीन मी!" बाई किंचाळल्या.

"सोडतो कायले! तुमीच घट्ट धरा ना, बाई!"

शेवटी दोघी धपकन खाली बसल्या आणि धापा टाकत इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. फुलवंताचं पाणी मात्र थांबेना. बाईंनी तिचा हात अजून धरलेलाच होता.

"चारचौघांत तसं बोलायला नको होतं मी," त्या म्हणाल्या. "लागलं ना तुला?"

"लागलं तं," फुलवंता म्हणाली. "पन मीठ मीच इसरली होती, बाई."

मग दोघींनी दुर्गाला जवळ बोलावलं. "आता तुझी निरोपाची नोकरी संपली," बाई म्हणाल्या. दुर्गानं टुणकन उडीच मारली.

शिबिर संपलं, पण बाईंनी गोल बसणं सोडलं नाही. दर शनिवारी जेवणाआधी पडवीत सतरंजी पडायची. तिथं बाईंचीही तक्रार करायची मुभा होती आणि मुली ती पुरेपूर वापरायच्या. "बाई, तुमी लय जोरात वरडता!" हे ऐकून त्या आठवडाभर हळू बोलून बघायच्या. आवाज पुन्हा चढला की मुलीच हाताने खाली, खाली अशी खूण करायच्या.

एका वर्षी पाचवीत नवी आलेली एक मुलगी कितीतरी शनिवार तोंड मिटून बसली. एकदा तिनं हळूच विचारलं, "गानं म्हनू?" आणि गोंडीत गाऊ लागली. बाई पवार समाजातल्या, गोंडी त्यांना येत नव्हती; त्यातलं काही कळलं नाही.

"मला शिकव," त्या म्हणाल्या.

मुलीनं एक ओळ सांगितली. बाईंनी ती अशी काही म्हटली की फुलवंता दाराला टेकून हसत सुटली आणि मुली सतरंजीवर लोळल्या. ती पोर मात्र बाईंसमोर मांडी घालून बसली, गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "नाई बाई, असं नाई. पुन्हा."

बाईंनी पुन्हा सुरू केलं.