थोरल्या साडूंचा पिवळा दिवा

या जगात कोणतीही वस्तू काहीतरी दडवल्याशिवाय आपल्या हाती येत नाही, अशी माझ्या थोरल्या साडूंची ठाम धारणा आहे. त्यांची सारी नोकरी भिंगारच्या एका गोदामात, आलेला माल तपासून परत पाठवण्यात गेली. निवृत्तीबरोबर गोदाम सुटले, परत पाठवणे सुटले नाही. कुणाकडे चहा आला की ते आधी कप नाकाशी नेतात, विचारात पडतात आणि यजमान पुरेसा अस्वस्थ झाल्यावरच घोट घेतात. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी मलाही असेच निरखले होते. ''मुलगा कमी बोलतो. आत काय आहे ते कळत नाही,'' हा त्यांचा शेरा. तो त्यांनी अद्याप मागे घेतलेला नाही.

अशा गृहस्थांच्या मोटारीत गेल्या वर्षी गिअरचा पिवळा दिवा लागला. गुडघ्यामुळे त्यांनी आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली होती, आणि तिच्यावर त्यांचा पहिल्यापासून राग होता. ''जे आपल्याला न विचारता गिअर बदलतं, ते खरं बोलेल कशावरून?'' त्यांनी एका मेकॅनिकला गाडी दाखवली. तो म्हणाला, ''गिअरबॉक्सचं ऑईल गळतंय साहेब. आता हलवू नका, लई महागात पडंल.'' मग त्याला न कळवता दुसऱ्याला घरी बोलावले. त्यानेही तेच सांगितले. कोणीही निश्चिंत झाला असता. साडू अधिकच गंभीर झाले.

''दोन तपासनीस अगदी एकच बोलतात, तेव्हा एकाने माल पाहिलेलाच नसतो,'' ते मला म्हणाले.

खरी अडचण रविवारची होती. कोपरगावला त्यांच्या थोरल्या भगिनी, ताई, मुलाकडे राहतात. त्यांना हल्ली माणसे ओळखू येत नाहीत. पण दर रविवारी पांढरी गाडी दाराशी थांबली की त्या म्हणतात, ''भाऊ आला.'' ती गाडी नेली नाही, तर ती ओळखही जाईल, या भीतीने साडू दिव्यालाच खोटे ठरवू पाहत होते.

मी भीत भीत म्हणालो, ''अण्णा, गाडी राहुरीच्या पुढे बंद पडली, तर ताई दिवसभर दारात उभ्या राहतील.''

ते उठले आणि त्यांनी बोनेट उघडले. मग भाग बदलले जाऊ नयेत म्हणून बायकोच्या नेलपॉलिशने बोनेटखाली ठिकठिकाणी खुणा केल्या आणि गाडी गॅरेजला दिली. रविवारी ते माझ्या लाल गाडीत बसले आणि वाटभर माझ्या डॅशबोर्डकडे पाहत राहिले.

ताई दारातच होत्या. त्यांनी गाडी पाहिली, मग साडूंना. ''कोण पाहिजे?''

''ताई, मी भाऊ.''

''भाऊ पांढऱ्या गाडीतनं येतो. तुमी बसा बाहेर.''

मला वाटले, ते वाद घालतील. ते निमूटपणे ओट्यावर बसले. ''बरोबर आहे तिचं. खात्री करूनच आत घ्यावं,'' ते हळूच म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. थोड्या वेळाने सुनेने केलेला चहा घेऊन ताई स्वतः आल्या. साडूंनी कप घेतला आणि बहिणीकडे पाहत तो सरळ ओठांना लावला.

''बघा,'' ताई मला म्हणाल्या, ''न्हाई हा भाऊ. भाऊ आदी वास घेतो.''

साडूंचा हात थांबला. त्यांनी कप खाली आणला, पुन्हा सावकाश नाकाशी नेला, डोळे बारीक केले. ''दूध कालचं आहे,'' ते म्हणाले.

ताईंचा चेहरा उजळला. ''मग आत का न्हाई येत? कवापासून बाहेर बसलायस?''

परतताना अंधारून आले. मोटार दुरुस्त होऊन दिवा विझला, तरी त्यावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न त्यांच्यापुढे असणारच होता. पण त्या संध्याकाळी त्यांनी तो काढला नाही. राहुरीला मी चहासाठी थांबलो. टपरीवरचा कप त्यांनी नाकाशी नेला आणि नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ तसाच धरून ठेवला.