एलियन रडला त्याची पंचाईत

"कट! सर, तुम्ही रडताय का?"

मंदारने हे विचारलं तेव्हा गायकवाड सरांच्या गालावरचा हिरवा रंग ओघळून गळ्यापर्यंत आला होता. डोक्यावरचे दोन अँटेना थरथरत होते. सर म्हणाले, "नाही. डोळ्यात काहीतरी गेलंय." कुणाचाही विश्वास बसला नाही.

आधी प्रकरण काय ते सांगते. मी व्हिडिओ एडिटर. बाकीचे शूट करतात, मी कापते आणि जोडते. मंदार हा हिंजवडीतली चांगली आयटीतली नोकरी सोडून वेब सिरीज करायला निघालेला दिग्दर्शक. पुण्यात दर सोसायटीत असा एखादा सापडतोच. त्याची कल्पना अशी की परग्रहावरचा एक अधिकारी बिबवेवाडीत वन बीएचके भाड्याने घेतो, माणसांचे सिनेमे बघतो आणि वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठवतो. त्याच्या ग्रहावर भावना नाहीत, त्यामुळे आपले सिनेमे बघून तो चक्रावतो. प्रायोजक होती सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंद करणारं ॲप बनवणारी कंपनी. परग्रहावरून आलात तरी वॉचमन फ्लॅट नंबर विचारणारच. त्यांना कल्पना आवडली यात नवल नव्हतं.

गायकवाड सर सरकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. हौशी नाटकांत कामं करायचे. ऑडिशनला आले आणि प्रेमगीताचं वर्णन त्यांनी असं केलं: "सदर इसम व सदर महिला झाडाभोवती फिरत आहेत. झाडाकडून हरकत घेण्यात आलेली नाही." मंदारने तिथल्या तिथे बाकीच्या ऑडिशन रद्द केल्या.

आता आमची एक अडचण समजून घ्या. खऱ्या सिनेमातली दृश्यं आम्हाला दाखवता येत नाहीत. दाखवली की कॉपीराइट स्ट्राइक येतो. म्हणजे सिनेमाचा मालक तक्रार करतो आणि आपला व्हिडिओ उडतो. म्हणून प्रेक्षकाला सिनेमा दिसतच नाही, तो बघणाऱ्या एलियनचं तोंड दिसतं. सगळी मदार त्या तोंडावर. आणि त्या दिवशी ते तोंड धुऊन निघालं होतं.

टीव्हीवर एक रडका कौटुंबिक सिनेमा लावला होता. हीरोच्या वडिलांचा निरोपसमारंभ. साहेब भाषण करतात, अख्खं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवतं, मागे व्हायोलिन. सरांनी म्हणायचं होतं, "निवृत्त इसमास नारळ देण्यात आला. नारळाचे पुढे काय करावे, याबाबत सूचना नाहीत." ते वाक्य आलंच नाही.

आमच्या मेकअपवाल्या रुबिनाने पुन्हा हिरवा रंग लावला. सर पुन्हा त्याच जागी रडले.

"सर, तुमच्या ग्रहावर अश्रूच नाहीत!" मंदार ओरडला.

सरांनी कॅमेऱ्यावरची नजर हलवली नाही. अहवालाच्याच सुरात म्हणाले, "सदर चित्रपट अत्यंत सुमार आहे. तथापि निम्नस्वाक्षरीकाराच्या डोळ्यांतून पाणी येत आहे. कारण कळवावे, ही विनंती."

कॅमेरामन इतका हसला की फ्रेम हलली. मंदारला हसू आलं नाही. त्याने मला बाजूला घेतलं. "प्रायोजकांच्या केतकी मॅडम उद्या एपिसोड बघायला येतायत. दुसरा माणूस बघू. हिरवा रंग फासला की आत कोण आहे, कुणाला कळतंय?"

हे तो हळू बोलला असं त्याला वाटलं. सर उठले आणि बेसिनवर जाऊन तोंड धुऊ लागले. मी मागोमाग गेले.

"सर, काय झालं?"

"काही नाही हो. माझ्या सेंड-ऑफला आमच्या साहेबांनी असंच भाषण केलं. चांगलं केलं. फक्त शेवटपर्यंत 'गावडे, गावडे' म्हणत राहिले."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"गळ्यात शाल, हातात नारळ. त्या अवस्थेत माणूस काय बोलणार?"

मला हसू आलं. लगेच वाटलं, हसायला नको होतं. पण सर स्वतःच हसत होते. कानामागे हिरवा रंग तसाच राहिला होता.

घरी जाऊन मी रशेस बघितल्या. रशेस म्हणजे न कापलेलं सगळं शूटिंग. ओघळणारा रंग, मंदारचं ओरडणं, सरांचं उत्तर, सगळं त्यात होतं. मी काहीच गाळलं नाही. रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, केली आणि दुसऱ्या दिवशी मंदारला दाखवली.

"अगं, हे ब्लूपर आहे. चुका!"

"आहे ना. बाकीच्या एपिसोडपेक्षा बरं आहे."

"भावना नसलेला एलियन रडला तर कन्सेप्टच मेला!"

आमचं भांडण रंगात आलेलं असताना केतकी मॅडम आल्या. कंपनीच्या मार्केटिंग हेड. पाठोपाठ गायकवाड सर आले. त्यांना यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि येऊ नका असंही सांगायचं कुणाला धैर्य झालं नव्हतं. मंदारने माझ्याकडे हताशपणे बघितलं. मी प्ले दाबलं.

केतकी मॅडम एक डोळा फोनवर ठेवून बघत होत्या. 'कारण कळवावे' आलं आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. "परत लावा."

परत लावलं. त्या खळखळून हसल्या आणि मग पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. "पण मंदार, लॉजिक काय? एलियनला टीअर्स कसे?"

मंदार तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "मॅडम, तो बिबवेवाडीत राहून शुद्ध मराठी बोलतो. त्याचं लॉजिक आपण अजून विचारलेलं नाही."

एपिसोड जसाच्या तसा गेला. आमचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला तोच. लोकांनी खाली आपापले निरोपसमारंभ लिहिले. एकाने लिहिलं, माझ्या नारळाला तडा गेलेला होता, भाषणभर पँटवर पाणी गळत होतं. मंदार नंतर सरांना म्हणाला, "सॉरी सर, त्या दिवशी मी जरा..." सर म्हणाले, "जरा नाही, बऱ्यापैकी." विषय संपला.

पण मार्केटिंगला एक यशस्वी गोष्ट सापडली की ती दर आठवड्याला हवी असते. केतकी मॅडमचा मेल आला: यापुढे प्रत्येक एपिसोडमध्ये एलियनने रडावं. सर म्हणाले, "मागणीप्रमाणे पुरवठा होणार नाही." मग मंदारने ग्लिसरीन आणलं. ते डोळ्यांखाली लावलं की पाणी येतं. पाणी भरपूर आलं. मारामारीच्या सिनेमावर आमचा एलियन घळाघळा रडला. मी जमेल तेवढं कापलं, पण रडण्याच्या मधून रडणं किती कापणार?

तो एपिसोड कुणी बघितला नाही. खाली एकच कॉमेंट होती: "नाटकं बंद करा."

तेव्हापासून माझ्या एडिटिंग टेबलवर ग्लिसरीनचं फुटेज आलं की मी वाद घालत नाही. थेट डिलीट करते. मुखवट्याची सवलत प्रेक्षक देतो, खोट्या अश्रूंची देत नाही.