अक्काचा चिमटा

नाशिकहून निघालो तो भांडायलाच. निवृत्त झाल्यापासून पुष्कळ प्रवास केले, पण भाच्याच्या कानाखाली जाळ काढायचा म्हणून बस पकडण्याची ही पहिलीच वेळ. अक्का माझी थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. आमच्या कोडोलीहून लग्न होऊन हुपरीला गेली, त्याला पन्नास वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कधी कुरकुर ऐकली नाही. आणि आता गेला महिनाभर रोज संध्याकाळी फोन करून एकच म्हणत होती, "बापू, मला हितनं घेऊन जा." का म्हणून विचारलं की फोन ठेवून द्यायची. संजय, तिचा मुलगा, तिला नीट वागवत नसणार. दुसरं काय असणार?

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. रिकाम्या पोटी नीट भांडता येत नाही, म्हणून मिसळ खायला शिरलो. मालकाला म्हणालो, "कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) जरा बेतानं घाला."

"पावणं (पाहुणे), बेतानं खायचं हुतं तर कोल्हापुरात कशाला आलासा?" म्हणत त्यानं डावभर ओतला. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत लाल ओघळ. मी खोकतोय आणि तो बाबा कमरेवर हात ठेवून हसतोय. पुन्हा एकदा कट मागून घेतला, ते वेगळं.

राजारामपुरीत अक्कासाठी मोठ्या अक्षरांची पोथी घेतली आणि हुपरीची एसटी धरली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. शेजारच्या बाईंनी माझ्या शर्टाकडं बघितलं आणि विचारलं, "हुपरीत कुणाकडं?" मी सांगितलं. "त्या म्हातारीकडं व्हय? लई नशीबवान बाई. लेकानं मार्बलचा देव्हारा बांधलाय. आईला काडी उचलू देत न्हाय की!"

नशीबवान म्हणे! माणसं गावाला मार्बल दाखवतात आणि घरात काय चालतं ते देवालाच माहीत. उतरेपर्यंत मी दातओठ खात होतो.

हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात. संजयच्या घरीही खालची मोठी खोली म्हणजे कारखाना. सात-आठ बायका मांडी घालून बसलेल्या, चिमट्यानं एकेक कडी पुढच्या कडीत अडकवून दाबतायत, घुंगरं ओवतायत. मला बघून संजय उठला, पाया पडला. "मामा, कळवायचं तरी! स्टँडवर आलो असतो की."

"अक्का कुठाय?"

"वर. देवाजवळ."

वर गेलो. पांढराशुभ्र देव्हारा, बटण दाबलं की आरती वाजणारं यंत्र, आणि समोर गादीच्या खुर्चीत अक्का. निम्मी झाली होती. मी दिवाळीनंतर पाठवलेली जपमाळ खुर्चीच्या हाताला लोंबत होती. तिचे हात मांडीवर होते, पण अंगठा आणि बोट एकमेकांवर सारखं काहीतरी दाबत होते.

"संज्या त्रास देतो?"

"त्यो कशाला दील? सोन्यासारखं पोरगं हाय."

"मग सून?"

"ती ताट हातात आणून देती."

"अगं मग झालंय तरी काय?"

"माझा चिमटा काढून घेतला," अक्का म्हणाली आणि रडायला लागली.

मी जिन्यातून ओरडलो, "संज्या, वर ये! आईचा चिमटा काढून घेतोस? लाज कशी वाटत नाही?"

तो वर आला. त्याचंही डोकं तापलं होतं. "मामा, दिवाळीत फोनवर कोण वराडलं? 'सत्तरी उलटलेल्या आईला राबवतोस, आता तिला देव देव करू दे.' फोन स्पीकरवर हुता. सगळ्या बायका ऐकत हुत्या. मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईसा. त्याच दिवशी चिमटा कपाटात टाकला."

बोललो होतो. बोलून वर स्वतःवर खूश होऊन जपमाळ पाठवली होती. दहा तास बसमध्ये हाडं मोडून ज्याच्या कानाखाली वाजवायला आलो, तो कान माझाच निघाला. तरी मी हेका सोडेना. "पण अक्का, या वयात देवाचं नाव घ्यायला नको का?"

अक्काचं रडणं थांबलं. अशी उसळली की मी मागं सरकलो. "आणि खाली बसून काय करत हुते रं मी? पैंजण कुणाच्या पायात जाणार, म्हाईत न्हाय. कडी जुळली की म्हणायचं, बाई, तुझं पाऊल चांगल्या घरात पडू दे. दर कडीला एकदा. पन्नास वर्सं! हितं माळ वढते, त्यात कोण बाई न्हाय का काय न्हाय. नुसते मणी!"

मला माझाच संताप आला. म्हातारं माणूस दिसलं की आपण सगळेच म्हणतो, आता देव देव करा. हातातलं काम हिसकावून घेतो आणि रडणाऱ्या पोराला बिस्कीट द्यावं तसा देव हातात देतो. कुणी विचारत नाही की बाई, तुझा देव आजवर कुठं होता.

"मग आता मी काय करू?" मी विचारलं.

"सगळ्यांदेखत बोललास न्हवं? सगळ्यांदेखत माघारी घे."

मी, अडतीस वर्षं सरकारी कचेरीत साहेब म्हणून वावरलेला माणूस, परक्या बायकांपुढं माफी मागू? बॅग उचलून सरळ स्टँड गाठावा असंही क्षणभर वाटलं. पण अक्का बघत होती. खाली गेलो. "बायांनो, दिवाळीत फोनवर बोललो ते चुकलं. संजयनं आईला कधी राबवलं नाही. अक्कल माझी कमी पडली."

मग एक वयस्कर बाई म्हणाल्या, "ते समजलं. पर पावणं, शर्टाला काय सांडलंय?" सगळा कारखाना खो खो हसला. संजयनंही तोंड फिरवून हसून घेतलं आणि कपाट उघडलं.

अक्का भिंत धरत उतरली. खिडकीजवळच्या तिच्या पाटावरची मुलगी मुकाट्यानं उठली. अक्कानं चष्मा पुसला, पहिली कडी दाबली, ओठ हलले. मग मलाही शेजारी बसवलं. माझी कडी तीनदा सटकली, चौथ्यांदा कशीबशी जुळली.

"आता म्हण."

"काय म्हणू?"

"जी घालंल तिचं चांगलं म्हण की!"

लाज वाटली, पण म्हणालो. पुन्हा ठसका लागला. आता मात्र त्याला मिसळ कारण नव्हती.

दोन दिवस राहिलो. पांढरा रस्सा ओरपला, पोथी देव्हाऱ्यात ठेवली. "सवडीनं वाचीन," अक्का म्हणाली. तिला सवड झालेली मी तरी पाहिली नाही.

नाशिकला पोचलो त्या संध्याकाळी तिच्या फोनची वाट पाहत बसलो. आला नाही. शेवटी मीच केला. मागं घुंगरांचा आवाज, बायकांची बडबड.

"काय रं?"

"काही नाही. पोचलो."

"बरं. आत्ता हात मोकळा न्हाय, ठेव." आणि कट!

अडुसष्ट वर्षांचा भाऊ, दहा तासांच्या बसनं कंबर धरलेली, आणि जेवलास का एवढंसुद्धा विचारू नये? मला असा राग आला! कित्येक महिन्यांत इतका चांगला राग आला नव्हता.