उजेड वजा करणारे सर

सर प्रयोगशाळेत शिरले की आधी दिवे घालवत आणि मग चपला काढत. सांगलीच्या आमच्या कॉलेजात पोरं त्यांना ‘अंधारे सर’ म्हणायची. पाहुण्यांना ते आडनावच वाटे, आणि सरही कुणाचा समज दुरुस्त करत नसत. एवढ्यातेवढ्यासाठी तोंड उघडायचा त्यांना कंटाळा होता.

आमचं काम झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांचं. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, त्यात चिमूटभर ॲल्युमिनियमचा क्षार मिसळायचा आणि त्या भेसळीनं थरातून वीज किती जास्त वाहते ते मोजायचं. खोड एकच. या थरावर नुसता उजेड पडला तरी वीज वाढते, आणि दिवा घालवला म्हणून लगेच उतरत नाही. म्हणून सर काच डब्यात घालून वर काळं फडकं टाकत. मी घाई केली की म्हणत, "पोरी, अजून उतरली न्हाई ती. निजू दे की जरा." शेजारच्या प्रयोगशाळेत एवढं कुणी थांबत नसे. त्यांचे शोधनिबंध भराभर निघत. आमचे सर निवृत्तीला टेकले तरी प्रोफेसर झाले नव्हते.

मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. माझी शिष्यवृत्ती संपली होती आणि कोरेगावहून आईचा सारखा फोन, "कवा संपायचं हाय तुझं?" अशात भेसळीच्या काचांनी दणदणीत आकडे दिले. प्रबंध जवळजवळ लिहून झाला. आणि एका दुपारी सर खुर्चीत नुसते बसून राहिले, चहासुद्धा घेईनात. मी बहिणीच्या लग्नाला गेले असताना त्या काचा त्यांनीच मोजल्या होत्या. साध्या, बिनभेसळीच्या काचा डब्यातून काढलेल्या; भेसळीच्या मात्र खिडकीपाशी निवत ठेवलेल्या, तशाच उचललेल्या.

"ही वाढ ॲल्युमिनियमची न्हाई पोरी, उनाची हाय. जन्मभर दुसऱ्यावर वरडलो, आन् मीच..."

मला त्यांचा भयंकर राग आला. परीक्षकांना कुठं कळणार आहे, असंही मी म्हणाले. "त्यास्नी न्हाई कळायचं," सर म्हणाले, "पर आपल्याला कळलंय न्हवं?" मी चिडून कोरेगावला निघून गेले, आणि आठवड्यानं मुकाट्यानं परत आले.

निवृत्तीनंतरही सर इस्लामपूरहून एसटीनं येत राहिले, बिनपगारी. सगळ्या काचा आम्ही नव्यानं केल्या. वीज उतरायची वाट बघता बघता ते टेबलावर डोकं टेकून झोपत. त्यांना उठवणं माझ्या जिवावर येई. शेवटी वाढ निघाली, पण अगदीच थोडी.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच, "एवढ्याशा वाढीसाठी एवढी वर्षं?"

"एवढीशीच आहे सर," मी म्हणाले, "पण आहे."

हारतुरे झाले तेव्हा सर सभागृहात नव्हते. मी धावत स्टँड गाठलं. ते गाडीत खिडकीशी बसले होते. पुढं दिवाळीच्या सुट्टीतच ते गेले, त्यामुळे आमची भेट ती शेवटचीच.

"थांबला का नाही सर?" मी खालून ओरडले.

"लय दमलोय गं," ते म्हणाले. "पर आज घरला जायाला बरं वाटतंय."