सविताताईंसाठी लाडू

आमच्या मजल्यावरच्या आचारीकाकांइतका देश फिरलेला आणि त्यातलं काहीही न पाहिलेला माणूस अख्ख्या लालबागमध्ये दुसरा सापडायचा नाही. एका प्रवासी कंपनीच्या सहलींबरोबर आचारी म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. ताजमहाल कसा आहे विचारलं, तर म्हणतात, "पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही." काश्मीरला त्यांच्याकडून पैकीच्या पैकी गुण आहेत, पण ते बर्फाला नव्हेत, तिथे पंचावन्न प्रवाशांपैकी एकाचंही पोट बिघडलं नाही, याला. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही तिसऱ्या मजल्यावरून सतराव्यावर गेलो, पण काकांचा शेजार सुटला नाही, हे मी माझं नशीब समजते.

प्रवासात माणूस आजारी पडतो तो खाण्याने नव्हे, बसून राहण्याने आणि गप्प राहण्याने, असा त्यांचा सिद्धांत. बस थांबली की ते सगळ्यांना खाली उतरवून हातपाय हलवायला लावत. एकदा एक निवृत्त न्यायाधीश काही केल्या सीट सोडेनात. काकांनी त्यांचं ताट वाढलं आणि शंभर पावलांवरच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. साहेब गेले, जेवले आणि कुठलाही निकाल न देता परत आले. नव्या गावी पहिल्या घासाबरोबर कच्चा कांदा खायचा, म्हणजे पाणी बाधत नाही, हा दुसरा नियम. तो त्यांनी मनालीला मधुचंद्रासाठी आलेल्या जोडप्यालाही लावला. नवरा पुढे तीन दिवस काकांशी बोलला नाही, पण दोघंही ठणठणीत घरी पोचली. आणि जेवण कुठलंही असो, एक वाटी मात्र घरची हवी. घरच्या वाटीतलं पोटाला परकं वाटत नाही म्हणे.

इस्पितळांत तपासणीची यंत्रं बसली की तिथल्या लोकांना ती चालवायला शिकवणं हे माझं काम. गेल्या वर्षी सलग चार महिन्यांची फिरती आली: रायपूर, रांची, मग गुवाहाटी. निघताना काकांनी ओवा, सुंठ, आमसुलं यांच्या पुरचुंड्या आणि स्वतःची स्टीलची वाटी माझ्या बॅगेत कोंबली. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा आणि प्रश्न तीनच असायचे. "पोट बरां आसा मां? किती चललंस? आणि कामाशिवाय कोणाशी बोललंस?"

गुवाहाटीला पोचेपर्यंत तिसऱ्या प्रश्नाने माझी पंचाईत करायला सुरुवात केली होती. हॉटेलची खोली, इस्पितळ, पुन्हा खोली. रविवारी तर तोंडातून शब्द फुटत नसे. जेवण जाईना, सकाळी उठावंसं वाटेना. राजीनाम्याचं पत्रही लिहून ठेवलं होतं. हे काकांना कुठल्या तोंडाने सांगणार? एक दिवस दिलं ठोकून, "बोलले ना. शेजारच्या खोलीत एक बाई आल्यात."

"नाव काय?"

"सविताताई."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी सविताताईंची चौकशी. कुठल्या? नागपूरच्या. तब्येत? गुडघे दुखतात. काकांनी तेल सांगितलं, मी दोन दिवसांनी उतार पडल्याचं कळवलं. होता होता सविताताई गाण्याच्या शिक्षिका झाल्या, त्यांना एक सुशील सूनही मिळाली. चौदाव्या दिवशी कुरिअरने डबा आला. आत डिंकाचे लाडू आणि झाकणावर काकांचं अक्षर: 'सविताताईंसाठी.'

डबा मांडीवर घेऊन मी तासभर रडले. दुसऱ्याच्या नावाचे लाडू आपण कसे खायचे, आणि टाकायचे तरी कसे? शेवटी उठले, दोन लाडू काकांच्या वाटीत घेतले आणि हॉटेलच्या चादरी इस्त्री करणाऱ्या बाईंच्या खोलीचं दार वाजवलं. महिनाभर मी त्यांच्या दारावरून येत-जात होते, एक शब्द न बोलता. मिनोतीबाई त्यांचं नाव. त्यांनी लाडू हुंगला आणि विचारलं, "इसमें क्या है?" डिंक समजावताना माझं हिंदी संपलं. मग त्यांनी लाडू काढून घेऊन त्याच वाटीत मला कोरा चहा ओतला. दुसऱ्या दिवशी मला ओढत नदीवर फिरायला नेलं. बाई भलत्याच हट्टी, भराभर चालायच्या, मला बोलूच द्यायच्या नाहीत. राजीनामा द्यायचा राहून गेला.

परत आल्यावर मी काकांपुढे सगळं कबूल केलं. ते तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "माका पयल्याच आठवड्यात समाजलां. खरीखुरी बाई आसती, तर तू एकदा तरी कुरकुरलं आसतंस. त्या मिनोतीच्या नावान रोज फोनवर किती कटकट करी होतंस, आठव."

"मग लाडू कोणासाठी धाडलेत?"

"जी कोण गावली आसती, तिच्यासाठी."

मी आज धडधाकट आहे, कामावर आहे, ती त्या डब्यामुळे. हे काकांना नीट सांगायचं मात्र अजून राहिलंय.

आता काका सहा महिन्यांसाठी लेकीकडे कॅनडाला गेलेत. लेक-जावई दिवसभर कामावर, नात शाळेत, बाहेर बर्फ. संध्याकाळी सातला आता मी फोन करते; तिकडे तेव्हा सकाळ असते. पोट बरं असतं. चालणं घरातल्या घरात होतं. तिसऱ्या प्रश्नाला काका झटकन सांगतात, "बोललंय मगे. समोर पीटर म्हणान एक म्हातारो रवता."

पीटर फार सज्जन आहे. वेळ पाळतो, काकांच्या हातची आमटी आवडीने खातो, त्याचा कुत्रासुद्धा भुंकत नाही. तीन आठवडे झाले. ताजमहालातही खोट काढणाऱ्या माझ्या काकांनी पीटरबद्दल अजून एक तक्रार केलेली नाही.

काल मी मसाल्याच्या गल्लीतून डिंक आणला. लाडू काकांसारखे वळले नाहीत, दोन तर हातातच फुटले. डब्यावर मोठ्या अक्षरात 'पीटरसाठी' असं लिहिलं आणि आज सकाळीच कुरिअरला देऊन आले.